दातकाका आणि परत आलेले घास

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रस्त्याला लागून एक खोली आहे. तिच्या काचेवर गुलाबी हिरड्या आणि पांढरेशुभ्र दात असं चित्र रंगवलेलं आहे आणि खाली लिहिलंय, ‘कवळ्या मापाने करून मिळतील’. शाळा सुटली की पोरं त्या चित्राला वाकुल्या दाखवत पुढे जातात. मी त्याच शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि आता वरच्या मजल्यावर राहते. गॅलरीत उभं राहून त्यांना दटावण्याचा हक्क मी अजून सोडलेला नाही.

त्या खोलीत दातकाका काम करतात. वय अडुसष्ट, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहानच, पण सगळी गल्ली काका म्हणते म्हणून मीही म्हणते. चष्मा कपाळावर, नखांत प्लास्टर, अंगाला मेणाचा वास. माणूस चेहऱ्याने लक्षात ठेवायची त्यांना सवयच नाही. बाजारात कोणी हाक मारली तर बावळटासारखे बघत राहतात. समोरचा हसला की मग ओळख पटते. “अरे, तुम्ही होय! खालचा डावा सुळा तिरपा,” असं भर रस्त्यात म्हणतात. लोक काय तोंड लपवत पळतात ते बघण्यासारखं असतं.

खुद्द काकांचे दात मात्र देखणे. एका ओळीत, मोत्यासारखे, या वयात कोणाचे नसतात असे. गिऱ्हाइकं म्हणतात, काका, तुमचे स्वतःचे दात काय टिकलेत! काका त्यावर फक्त हसतात. हे माझे आहेत असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि नाहीत असंही कधी म्हणाले नाहीत. मी आयुष्यभर कॉपी करणारी मुलं पकडली. ज्याचे दात स्वतःचे असतात तो माणूस चहात बिस्किट बुडवून मनात दहा आकडे मोजत बसत नाही, हे मला इथे राहायला आल्यावर पहिल्या महिन्यातच कळलं. पण मी मूग गिळून बसले. मी गप्प बसले म्हणजे त्यात माझी काय परीक्षा झाली असेल, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

कवळी करायला गेलं की काय होतं, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. काका एका खुर्चीत बसवतात. गुलाबी मेणाची एक जाड पट्टी तोंडात ठेवतात आणि म्हणतात, “चावा.” मग, “थांबा.” मग, “उघडा.” आणि मग स्टीलची छोटी ताटली हनुवटीखाली धरून, “द्या.” आपण तो मेणाचा तुकडा काढून ताटलीत ठेवायचा. काका तो खिडकीच्या उजेडात धरून उमटलेला ठसा बघतात, मान डोलावतात आणि म्हणतात, “शाबास.” सत्तरी गाठलेल्या माणसाला शाबास म्हणणारं जगात कोणी उरलेलं नसतं. अर्धी गिऱ्हाइकं कवळी सैल झाल्याचं निमित्त करून तेवढ्यासाठीच परत येतात, असा माझा संशय आहे.

काकांना एकच लेक. ती माझी विद्यार्थिनी. भागाकारात कच्ची, पण हिमतीला पक्की. ती नऊ नंबरची बस चालवते. बाईमाणसाने बस चालवायची म्हटल्यावर पहिल्यांदा कोणकोण काय बोललं त्याचा पाढा मी इथे वाचत नाही. काका मात्र काहीच बोलले नव्हते. तिच्या कामाच्या पहिल्या दिवशी ते सकाळी कोपऱ्यावर बसमध्ये चढले आणि दुपारपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारून आले. कुठे गेला होतात असं विचारलं तर म्हणाले, कुठेच नाही. त्या दिवसापासून नऊ नंबर आमच्या खिडकीवरून गेली की दोनदा हॉर्न वाजायचा, आणि काका हातातल्या मेण कापायच्या सुरीने काचेवर दोनदा टकटक करायचे. कवळी तोंडात असलेलं गिऱ्हाईक तेवढा वेळ तोंड उघडं ठेवून थांबायचं.

मग नात झाली. टिचकी. टिचकी मारली तर उडेल एवढीशी होती म्हणून हे नाव, आणि ते मीच ठेवलंय. जावई जहाजावर इंजिन सांभाळतो, वर्षातले आठ महिने समुद्रात असतो. म्हणून लेक बाळंतपणाला माहेरी आली ती इथेच राहिली. कामावर रजा टाकली. दीड वर्ष होत आलं, टिचकीला बारा दात आले, ती घरभर धावायला लागली, कपाटं उपसायला लागली. सगळं वेळच्या वेळी झालं. एवढंच की पोरगी जेवेना.

अंगावरचं दूध सोडून तिच्या पोटात काही जाईना. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं. म्हणाल्या, अडकत कुठेच नाही, पोर ठणठणीत आहे, पण वजन वाढत नाही आणि रक्त कमी आहे. या वयात नुसत्या दुधावर भागत नाही. काहीही करा, पण खायला घाला.

हे सांगायला डॉक्टर कशाला हवी, असं मी तेव्हा म्हटलं होतं. काहीही करा म्हणे.

लेकीने ते काहीही सगळं करून बघितलं. बटाटा उकडला, कुस्करला, लोणी घातलं. गाजर वाफवलं. अंड्याचा बलक दुधात कालवला. मऊ पावाच्या लांब कापट्या, केळं, चीज, भोपळ्याचं सूप. पाच रंगांच्या वाट्या आणल्या. जहाजावरून जावई फोनवर म्हणाला, घास म्हणजे बोट आणि तोंड म्हणजे बंदर असं सांगून बघ. बंदर उघडायचं, बोट आत जायची, आणि क्षणभराने जशीच्या तशी बाहेर यायची. मीही माझी अक्कल पाजळली. म्हटलं, शिस्त लावा, वीसपर्यंत आकडे म्हणा, वीसला घास गिळायचा. पोरीने वीसपर्यंत मान डोलावत ऐकलं आणि एकविसाव्याला घास माझ्या हातावर ठेवला.

इथेच खरी गोम होती, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. न जेवणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत. ती तोंड घट्ट मिटतात, थुंकतात, वाटी उडवतात, घर डोक्यावर घेतात. टिचकी यातलं काही करायची नाही. घास पुढे केला की ती आनंदाने तोंड उघडायची. दातांत धरून नीट चावायची. जरा थांबायची. मग तोंड उघडून दोन बोटांनी घास बाहेर काढायची, समोर असेल त्याच्या तळहातावर ठेवायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. वाचनालयाचं पुस्तक वेळेवर परत करावं, तसा तिचा चेहरा असायचा. आणि समोर तिची आई असेल तर आईचे डोळे भरून यायचे. ते बघून पोरीचा चेहरा पडायचा. आपलं काय चुकलं हे तिला कळत नसे.

रजा दोनदा वाढवून झाली होती. आता सोमवारी डेपोत हजर व्हायचं, नाहीतर काम सोडल्याचं पत्र द्यायचं, असा निरोप आला होता. लेक दिवसभर बस चालवणार म्हणजे टिचकी दिवसभर काकांजवळ राहणार, आणि जी पोर आईच्या दुधाशिवाय काही घेत नाही ती दिवसभर उपाशी राहणार. ते पत्र तिने लिहूनही ठेवलं होतं. चमचा काढायला मी त्यांचा खण उघडला, तेव्हा चमच्यांच्या खाली मला ते सापडलं. अक्षर बरं होतं. शाळेत असताना असं असतं तर मी चार गुण जास्त दिले असते.

मी खण लावला आणि काकांकडे बघितलं. त्यांनाही ते पत्र माहीत होतं, हे त्यांच्या पाठीवरून कळलं. ते कोणाच्या तरी वरच्या कवळीला पॉलिश करत होते, आणि जे आधीच चकचकीत होतं तेच पुन्हापुन्हा घासत होते. मधेच एवढंच म्हणाले, की तिच्या जागी जो बस चालवतोय तो कोपऱ्यावर ब्रेक फार उशिरा दाबतो.

त्याच खोलीत एका फळीवर काकांनी एक रांग मांडली होती. प्लास्टरचे छोटेछोटे पांढरे ठोकळे, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. मी एकदा विचारलं तर त्यांचा चेहरा उजळला. एक ठोकळा त्यांनी माझ्यापुढे धरला. म्हणाले, बाई, हा बघा, मागच्या मंगळवारचा, समोरचे चार कसे एका रेषेत आलेत. झालं होतं असं, की टिचकी चीजचा तुकडा चावून परत द्यायची आणि चीजवर दातांचा ठसा झकास उठतो. काकांना तो टाकवेना. त्यात प्लास्टर ओतून त्यांनी नातीच्या दातांचे साचे काढले होते. असे अकरा. लोक नातवंडांचे फोटो काढतात, यांनी हे काढलं. मी हसले आणि वर गेले. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला तिथे दोन अधिक दोन करता आले नाहीत, याची मला अजून लाज वाटते.

गुरुवारी सकाळी लेक डेपोत गेली. आणखी महिनाभर रजा मिळते का, हे शेवटचं विचारून यायला. टिचकीला कोपऱ्यात तिच्या उंच खुर्चीत बसवलं होतं, पुढ्यात पावाच्या कापट्या. आणि मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, कारण माझी खालची कवळी सहा महिने खटखटत होती आणि काकांनी नवी करायला घेतली होती. माझ्या तोंडात मेणाची पट्टी घालून काका म्हणाले, “चावा.”

मी चावलं. माझी नजर सहज कोपऱ्यात गेली. टिचकीने पावाची एक कापटी उचलून तोंडात घातली आणि चावली.

“थांबा,” काका म्हणाले.

टिचकी थांबली. दोन्ही हात खुर्चीच्या कठड्यावर, पाठ ताठ, नजर छताकडे. थेट माझ्यासारखी. मला पुढचं सगळं एका क्षणात दिसलं. आणि माझ्या तोंडात मेण. मी जन्मात कधी इतकी घुसमटले नव्हते. मी हातवारे केले, म्म म्म केलं. काका चष्मा खाली घेत शांतपणे म्हणाले, बाई, हलू नका, माप बिघडेल. नेहमी सगळ्यांना गप्प बसवणारी बाई तोंडात पट्टी धरून बसली होती आणि समोर पोरगी छताकडे बघत थांबली होती.

“उघडा.” टिचकीने तोंड उघडलं. “द्या.” मी माझी पट्टी ताटलीत टाकली. टिचकीने तिची कापटी बाहेर काढली आणि पुढे केली. काकांनी माझी पट्टी उजेडात बघितली. मग सवयीने, न बघताच, दुसऱ्या हाताने पोरीची कापटी घेतली, तीही उजेडात धरली आणि म्हणाले, “शाबास.”

टिचकी तोंडभर हसली.

मग मी बोलले. पाच मिनिटं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. म्हटलं, काका, ही पोर न जेवणारी नाही, ही या खोलीतली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी आहे. तिला वाटतं की तोंडात घातलेली वस्तू चावायची, थांबायचं आणि परत द्यायची. दीड वर्ष तिने इथे बसून तेच बघितलंय. आणि परत दिल्यावर तुम्ही तिला शाबासकी देता, वर तिचा घास प्लास्टरमध्ये ओतून फळीवर मांडता.

काका स्टुलावर बसले. हातात कापटी तशीच होती. त्यांनी त्या फळीकडे बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे मीच.”

त्यांचा आवाज इतका लहान झाला की मला माझाच राग आला. मी जरा नरमले. म्हटलं, एकटे तुम्हीच नाही, आम्ही सगळेच. आता हिशोब मांडू. या घरात पोरीसमोर जेवतं कोण? तिची आई ताटावर बसली की ही दूध मागत अंगावर चढते, म्हणून ती बिचारी पोर झोपल्यावर ओट्याशी उभ्याउभ्या चार घास ढकलते. मी वर जेवते. बाप समुद्रात. राहिले तुम्ही, आणि तुम्ही आतल्या खोलीत दार लावून जेवता. टिचकीने शेकडो माणसं चावताना पाहिलीत आणि गिळताना एकही पाहिलेलं नाही. तेव्हा उद्यापासून तुम्ही तिच्यासमोर बसून जेवायचं. चावून, गिळून, तोंड उघडून दाखवून.

काका उठले, मेण वितळवायचा दिवा विझवला, पुन्हा बसले. म्हणाले की ते आपल्याला जमायचं नाही, आपण मऊच खातो, एकट्यानेच खायची सवय झालीय, बायको गेल्यापासून.

“काका,” मी म्हटलं, “वरची तुमची सगळी कवळी आहे. मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे.”

त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे. बाहेर शाळेला निघालेली पोरं चित्राला वाकुल्या दाखवत होती. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. वरचे दात त्यांचे अकरा वर्षांपूर्वीच गेले. कवळी त्यांनी स्वतःच केली, कारण दुसऱ्या कवळीवाल्याकडे जायचं म्हणजे धंद्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण माप घेताना गिऱ्हाईकही आपण आणि कारागीरही आपणच. चावायचंही आपण, बघायचंही आपणच. आरशात बघून किती नेम साधणार? बोलायला आणि हसायला ती उत्तम बसली. खायला बसली की खाली येते. बायकोला माहीत होतं, ती पाव दुधात बुडवून द्यायची. ती गेली आणि दार लागलं. लेकीला यातलं काही माहीत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

सगळ्या गावाला जेवतं करणारा हा माणूस अकरा वर्षं चोरून भिजवलेला पाव खात होता. मला हसू यायला हवं होतं, पण वाईटच वाटलं.

दुपारी लेक डेपोतून आली. आल्या आल्या तिने खणातलं पत्र काढून पर्समध्ये ठेवलं. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “उद्या दुपारी बाई आपल्याकडे जेवायला येतायत.” मला आमंत्रण असल्याचं मला तेव्हाच कळलं.

शुक्रवारी कारागिरीचं टेबल रिकामं केलं. प्लास्टरचे जबडे फळीवर गेले, टेबलावर कागद आला. जेवायला सगळ्यांना एकच: सूप, आणि लोणी लावून भाजलेल्या पावाच्या कापट्या. काका खरपूस भाजलेला पाव घेऊन बसले होते. मी म्हटलं, थोडा मऊ घ्या. तर म्हणाले, पोरीला आवाज ऐकू यायला हवा. लेकीला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. बापाने दार उघडं ठेवून टेबलाशी जेवायला बसणं हेच तिला इतकं नवं होतं की ती सूपची वाटी घेऊन दारातच उभी राहिली. टिचकी उंच खुर्चीत, काकांच्या समोर.

काकांनी एक कापटी उचलली.   कापटी तोंडात घालून त्यांनी चावली. कुर्र असा आवाज झाला. टिचकीने डोळे मोठे केले.

काका थांबले नाहीत. चावत राहिले. एकदा, दोनदा, पाचदा. पोरीची मान प्रत्येक चावण्याबरोबर हलत होती. आणि नेमकं तेव्हा व्हायचं तेच झालं. खट् आवाज आला, वरची सगळी ओळ खाली आली आणि काकांच्या ओठांच्या मधोमध आडवी बसली.  काकांचा चेहरा कानापर्यंत लाल. टिचकीने मात्र जराही वेळ घालवला नाही. तिने टेबलावरची स्टीलची ताटली उचलली, आजोबांच्या हनुवटीखाली धरली आणि म्हणाली, “द्या.”

तो तिचा पहिला धड शब्द होता.

मी झडप घालून ताटली ओढून घेतली आणि तिच्यावर बसले. हो, बसले. सत्तराव्या वर्षी माणसाला जे सुचतं ते करावं. काकांनी कवळी काढून हातात धरली असती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं, आणि त्यांना ते कळत होतं. त्यांनी दाराकडे, लेकीकडे बघितलंच नाही. अंगठ्याने कवळी वर दाबली, अंगठा तसाच आत ठेवला आणि त्या अवघड अवस्थेत चावत राहिले. असं जेवताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलं असतं तर बाहेर काढलं असतं. मग त्यांनी गिळलं. गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली. खिशातला दात बघायचा छोटा गोल आरसा काढून त्यांनी टिचकीच्या हातात दिला आणि तोंड उघडलं. पोरीने आरसा आत घालून उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, जिभेखाली बघितलं. घास नव्हता. तिने आजोबांच्या हाताकडे बघितलं. तिथेही नव्हता. काकांनी पोटावर थोपटलं.

टिचकीने एक कापटी उचलली, चावली. थांबली. तोंड उघडलं आणि ताटली शोधायला लागली. टेबलावर नाही, काकांच्या हातात नाही. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. तिचा संशय बरोबर होता, पण मी छताकडे बघत राहिले. काकांनी दुसरा घास घेतला, अंगठा जागेवर. कुर्र. पोरीने तोंड मिटलं. चावलं. पुन्हा चावलं. कपाळाला आठ्या पडल्या. आणि मग तिच्या त्या इवल्या गळ्यात काहीतरी खाली गेलं. ती दचकली, पोटाकडे बघितलं, आणि आरसा आईच्या दिशेने पुढे करून आ वासला.

“शाबास,” काका म्हणाले. अंगठा तोंडात असल्यामुळे ते नीट उमटलं नाही, पण पोरीला कळलं.

लेक खाली बसली. दारातच, जमिनीवर. टिचकीने चार कापट्या संपवल्या, आणि त्या वेळात तिला आईच्या दुधाची एकदाही आठवण झाली नाही. काकांनी तेव्हा कुठे अंगठा बाहेर काढला, तोंडावर रुमाल धरला आणि लेकीकडे न बघता कागदावरचे कण वेचत बसले. अकरा वर्षं सांभाळलेली अब्रू गेली होती, आणि ती कुठे गेली हे शोधत असल्यासारखे ते वेचत होते.

लेक उठून त्यांच्याजवळ गेली. म्हणाली, “बाबा, उद्या दुकान बंद ठेवा. खुर्चीत तुम्ही बसायचं. चावा कधी आणि थांबा कधी म्हणायचं, ते मला लहानपणापासून पाठ आहे.”

काकांनी रुमाल खाली घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही आणि लपवलंही नाही.

शनिवारी तिने त्यांचं माप घेतलं. मी बाजूला उभी राहून सूचना देत होते, त्या कोणी ऐकल्या नाहीत. पर्समधलं पत्र बाहेर आलं होतं आणि त्याच्यावर प्लास्टरची ओली वाटी ठेवलेली होती. तिच्या त्या चांगल्या अक्षराचं पार वाटोळं झालं. शेवटी ताटली हनुवटीखाली धरून ती म्हणाली, द्या. काकांनी मेणाची पट्टी दिली. तिने ती उजेडात धरून बघितली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं हे मी शपथेवर सांगते, तरी ती म्हणाली, शाबास. काका खुर्चीत जरा ताठ बसले.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या खोलीत जाऊन बसले होते. टिचकीच्या पुढ्यात कापट्या आणि उकडलेलं गाजर. काका तिच्या समोर, दार उघडं, अंगठा अजून कामावर, कारण नवी कवळी व्हायला आठवडा होता. एका गिऱ्हाइकाने आत डोकावून हे दृश्य बघितलं आणि त्याला काय वाटलं ते विचारायला आम्हाला वेळ नव्हता. साडेदहाला कोपऱ्यावर नऊ नंबर वळली. ब्रेक बरोबर लागला. दोनदा हॉर्न वाजला. काकांनी सुरीने काचेवर दोनदा टकटक केली. मी टिचकीला म्हटलं, बघ, आई. तिने गाजर चावलं आणि दुसरं उचललं. मान वर केली नाही.

संध्याकाळी लेक घरी आली ती गणवेशातच जिना चढून आधी माझ्याकडे आली. धापा टाकत होती. म्हणाली, “बाई, हॉर्न दिला तेव्हा तिने बघितलं का?”

बघितलं म्हणून सांगावं, असं क्षणभर माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी आयुष्यभर पोरांना खोटं बोलण्याबद्दल कान धरून उभं केलंय.

“नाही बघितलं,” मी म्हटलं. “खात होती.”

ती तिथेच पायरीवर बसली, टोपी मांडीवर ठेवली आणि भिंतीला डोकं टेकवलं. जराशाने म्हणाली, “परत एकदा सांगा.”

मी तिच्या शेजारी बसले आणि पहिल्या कापटीपासून पुन्हा सांगितलं.